फायटरचे शेजारी

मन्मथअप्पा कुठल्याही माणसाकडे पहिल्यांदा बघायचे तेव्हा तो शेजारी म्हणून कसा निघेल, एवढंच बघायचे. हुद्दा, गाव, सोयरीक हे सगळं नंतर. आमच्या लातूरच्या जमीन मोजणीच्या कचेरीत नवा कारकून रुजू झाला की अप्पा चष्मा कपाळावर सरकवून त्याला क्षणभर न्याहाळत आणि पुन्हा मान खाली घालत. दुपारी डबा उघडताना मला हळूच, शेवटच्या वर्षांत तर माशांच्या भाषेत, सांगत, "ह्यो तळाला ऱ्हाणारा हाय. कुणाच्या आडवा येणार न्हाई." किंवा, "ह्येला भिंतीकडं तोंड करून बसवा म्हणावं. दुसऱ्याचं शेपूट हललं की ह्यो तोडणार." साहेबांनी त्यांचं कधी ऐकलं नाही. पण सहा महिन्यांत कुणाचं कुणाशी वाजणार हे अप्पांनी आधीच सांगितलेलं असायचं आणि ते सहसा तसंच व्हायचं.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलो. माझ्याबद्दलही त्यांनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला होता. म्हणाले, "तू गरीब हायस, दत्ता. तुझ्यासंगं कुणालाबी ठिवावं." माझ्या बाबतीत चुकला तितका त्यांचा अंदाज दुसऱ्या कुणाच्या बाबतीत चुकला नसेल.

अप्पा शिरूर अनंतपाळचे. लिंगायत, घरचं दुकान भावाकडे, आणि यांना लहानपणापासून रेघा ओढायचा नाद. कचेरीत ते अनुरेखक होते. म्हणजे जुना नकाशा खाली ठेवायचा, वर पारदर्शक कापड अंथरायचं आणि खालची रेघ वरच्या कापडावर शाईनं जशीच्या तशी गिरवायची. उस्मानाबादेतून तोडून लातूर वेगळा जिल्हा केला तेव्हा नव्या जिल्ह्याचे नकाशे लागले. कोवळ्या वयाच्या अप्पांना त्या कामावर बसवलं. दिवसदिवस ते हद्द गिरवत असायचे. त्या दिवसांत शिवेवरच्या एका गावची चार-पाच माणसं त्यांच्याकडे आली. आमचं गाव त्या बाजूला चाललंय, आमच्या लेकीबाळी या बाजूला दिल्यात, बाजार या बाजूला आहे. तेवढी रेघ अलीकडं घ्या, असं म्हणाली. रेघ वर ठरते, मी नुसती गिरवतो, असं सांगून अप्पांनी त्यांना परत पाठवलं. खरंही तेच होतं. पण पुढं तीस वर्षं त्या गावचा कुणीही कामासाठी आला की अप्पा उठून स्वतःची खुर्ची त्याला देत आणि चहा सांगत. त्या माणसाला कारण माहीत नसे. ज्यानं रेघ ठरवली तो साहेब तर केव्हाच बदलून गेला होता. खुर्ची देणारे अप्पाच.

मन्मथ म्हणजे मदन. या नावाच्या माणसानं एकटं राहावं यावर कचेरीत पुष्कळ विनोद होत. अप्पा त्यात हसत. लग्न झालं होतं हे फार थोड्यांना ठाऊक होतं. निलंग्याकडची मुलगी होती, अडीच महिने नांदली आणि माहेरी गेली ती आलीच नाही. भांडण नाही, मारझोड नाही. या विषयावर ते माझ्याशी एकदाच बोलले, तेही मासे असताना.

मासे फार उशिरा आले. निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरली असतील. गंजगोलाईच्या बाजूला एका गल्लीत माशांचं एक दुकान नवं निघालं होतं. आम्ही दोघं बाजाराला गेलो होतो. फळीवर एका ओळीत प्लास्टिकचे पेले मांडलेले, प्रत्येकात ओंजळभर पाणी आणि एकेक मासा. लाल, निळा, जांभळा. शेपट्या लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. दोन पेल्यांच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा. अप्पांनी विचारलं, मधे पुठ्ठा कशाला. दुकानदार म्हणाला, फायटर आहे, दुसरा फायटर दिसला की काचेवर डोकं आपटतो, याला एकटंच ठेवायचं असतं. अप्पा बराच वेळ त्या ओळीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "एकटा ऱ्हातो म्हणून काय पेल्यात ठिवायचं?" आणि एक निळा फायटर घेऊन आले.

त्यांच्या घरात खुर्ची एकच, पण टाकी दोन फुटी घेतली. पहिल्यांदा त्यांनीही तीच चूक केली जी सगळे करतात. एवढ्या टाकीत एकटा कसा करमेल म्हणून दिसायला छान असे सहा गप्पी मासे सोडले. गप्पीचं शेपूटही रंगीत, झुपकेदार. फायटरला वाटलं आपलेच भाऊबंद आले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही शेपूट धड नव्हतं. अप्पांनी त्या दिवशी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'घरगुती' असं लिहिलं.

त्यानंतर त्यांनी शेजाऱ्यांचा अभ्यास सुरू केला. नकाशाच्या मागच्या रिकाम्या बाजूवर त्यांच्या त्या सुबक अक्षरात टिपणं असत. ज्याचं शेपूट लांब त्याला घ्यायचं नाही. ज्याला दुसऱ्याचं शेपूट कुरतडायची खोड त्यालाही नाही. वरच्या थरात पोहणारा नको, कारण वरचं पाणी फायटरचं. तो वर येऊन हवा घेतो. शेवटी त्यांनी कोऱ्या ठरवल्या. कोरी म्हणजे तळाशी राहणारे बोटभर मासे, मातकट रंगाचे, मिशा असलेले. घोळक्यानं वाळू हुंगत फिरतात, वर काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. अप्पांनी सहा आणल्या, कारण त्यांच्या टिपणात लिहिलेलं होतं की कोरीला तिच्या जातीची सोबत लागते, दोन-तीन असल्या तर झुरतात.

आणि सोडण्याचा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. आधी झाडं. मग पाणी मुरू द्यायचं. मग तळाचे शेजारी. फायटर सगळ्यात शेवटी, तोवर तो बाहेर बरणीत. का, असं मी विचारलं तेव्हा ते लग्नाबद्दल बोलले.

"जो आधी येतो त्येला वाटतं टाकी आपल्या बापाची," ते म्हणाले. "तिचं काय चुकलं न्हाई, दत्ता. मी त्या खोलीत सात वर्षं एकटा ऱ्हायलेलो. ती आली, तिनं माझा तांब्या दुसऱ्या फळीवर ठिवला, आन् मला वाटलं ही कामून आली हितं." मग थोडं हसले आणि चिमटीतले दाणे पाण्यात सोडले.

फायटरला नुसत्या दाण्यांवर ठेवता येत नाही, त्याला अधूनमधून वाळवलेल्या अळ्या लागतात. इथं अप्पांची पंचाईत होती. कांदासुद्धा सोमवारी न खाणारा माणूस. शिरूरहून बहीण एकदा आली आणि मासे बघून यांच्या घरचं पाणी न पिता परत गेली. अप्पांनी त्यांच्या परीनं तोड काढली होती. अळ्यांची डबी घराबाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर. आठवड्यातून दोनदा, नकाशाच्या पेटीतला बारीक चिमटा घेऊन ते एकेक अळी उचलत, आणि त्याआधी गळ्यातल्या लिंगाची चांदीची पेटी हळूच पाठीकडे सरकवत. काम झालं की हात धुऊन ती पुन्हा पुढे घेत. मी हसलो तर म्हणाले, "त्येला कळत न्हाई असं न्हाई. पर त्येच्यासमोर करू ने एवढंच."

आमची कॉलनी कर्मचाऱ्यांनी मिळून बांधलेली, शहराच्या टोकाला. त्यांचं घर माझ्यापासून तिसरं. रोज संध्याकाळी मी तिथं जाई. एकुलत्या खुर्चीवर मला बसवून ते टाकीशेजारी उभे राहत. तासभर आम्ही बघत असू. बोलणं फार होत नसे. माझी बायको विचारायची, रोज रोज काय बघता. मी म्हणे, मासे. ती म्हणे, "ते तरी बोलतात का तुमच्याशी?" आता वाटतं, त्या तासाभरासाठी अप्पा कचेरीबाहेरचा उरलेला सगळा वेळ एकटे काढत असावेत. माझ्याशिवाय त्या घरात कुणी जात नव्हतं.

अप्पा निवृत्त झाले आणि मग तो दुष्काळ आला. धरण आटलं, नळ बंद झाले आणि लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते साल. आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. पाण्याला निर्जंतुक करायच्या पावडरीचा उग्र वास असायचा. टँकर आला की अप्पा पहिली घागर एका मातीच्या रांजणात ओतत आणि फडकं बांधून दोन दिवस तशीच ठेवत. वास उडून गेला की ते पाणी माशांचं, टाकीतलं आटेल तेवढं भरायला. स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ उरकत. तरी बोलणारे बोलत. शेटेमामा म्हणून कॉलनीच्या तोंडाशी किराणा दुकान चालवणारे गृहस्थ होते, महादेवाच्या देवळाच्या कमिटीचे प्रमुख, अप्पांच्याच समाजाचे. टँकरच्या रांगेत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माणसाला प्यायला न्हाई, आन् काही जणांचे मासे पोहून राहिले."

"मामा, माझ्या टाकीत चार घागरी हायत," अप्पा शांतपणे म्हणाले. "त्या एकदाच भरल्या. तुमचा कूलर रोज एक पितो." रांगेतली बायामाणसं हसली. मामांनी ते लक्षात ठेवलं.

जून कोरडाच उजाडला आणि त्यात अप्पांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. नांदेडला त्यांचा पुतण्या शिक्षक होता. तिथं ऑपरेशन करून आठ-नऊ दिवस त्याच्याकडेच राहायचं ठरलं. निघताना त्यांनी मला घराची चावी दिली. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीशी काळ्या शाईची एक बारीक आडवी रेघ ओढून ठेवली होती. पाणी रेघेखाली गेलं तर रांजणातलं घालायचं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग बसमध्ये चढता चढता थांबून तिसऱ्यांदा म्हणाले, "टँकरचं पाणी थेट घालू नको बरं. फायटर वर येऊन हवा घेतो, त्यो निभावल. कोऱ्या न्हाई निभावणार."

पुढचं मी जसं घडलं तसं सांगतो.

ठरलेल्या दिवशी टँकर आला नाही. माझ्या आईला जुलाब सुरू झाले. कपडे, फरशी, सगळं धुवावं लागत होतं आणि घरातलं पिंप तळाला गेलं होतं. मी अप्पांचं घर उघडलं आणि रांजणातून एक बादली आणली. दुसऱ्या दिवशी उरलेलं आणलं. टँकर आला की भरू, दोन दिवस मुरेल, अप्पांना कळणारही नाही, असा विचार केला. इथवर मला स्वतःचा फारसा राग येत नाही. आई आजारी होती.

त्या आठवड्यात कमिटीनं महादेव कोंडायचं ठरवलं. आमच्याकडे पाऊस लांबला की ही जुनी रीत आहे. देवळाचा गाभारा पाण्यानं भरायचा, पिंड पूर्ण बुडेपर्यंत, आणि दार लावून घ्यायचं. देव आत घुसमटला की पाऊस सोडतो म्हणतात. त्याची अट एकच, प्रत्येक घरची एक घागर पडली पाहिजे. एक जरी घर सुटलं तरी त्या घराचा दुष्काळ सगळ्यांच्या वाट्याला येतो. शेटेमामा हातात घरांची यादी घेऊन माझ्या दारात आले. सगळ्यांची झाली, एकट्या अप्पांची राहिली, असं म्हणाले. "चावी तुझ्याकडंच हाय ना?" त्यांनी विचारलं. मागे सात-आठ जण उभे होते.

अप्पा परगावी आहेत, एवढं म्हणता आलं असतं. माझ्या पिंपातून दुसरी घागर देता आली असती. पिंपात दोन घागरी होत्या. मी यातलं काही केलं नाही. सगळे बघत होते, आणि अप्पांच्या घरामुळे पाऊस अडला असं कुणी म्हणू नये, असं मी स्वतःला सांगितलं. घागर घेऊन त्यांचं घर उघडलं. रांजण मीच रिकामा केलेला. मी टाकीचं झाकण काढलं आणि तांब्यानं पाणी उपसायला लागलो. खाणं आलं असं वाटून फायटर तांब्यापाशी आला. कोऱ्या झाडाखाली दबून बसल्या. घागर भरली तेव्हा पाणी रेघेच्या चांगलं चार बोटं खाली गेलं होतं. त्या पाण्याला शेवाळाचा वास येत होता. फडक्यातून गाळून मी ते देवळात नेलं आणि स्वतःच्या हातानं गाभाऱ्यात ओतलं. मामांनी यादीवर खूण केली. बायकांनी हात जोडले.

अप्पा यायच्या आदल्या संध्याकाळी टँकर आला. रांजण भरून दोन दिवस ठेवायला आता वेळ नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर ती काळी रेघ होती. अप्पा आल्या आल्या रेघ बघणार, एवढं एकच माझ्या डोक्यात. पाणी हळूहळू ओतलं तर चालेल, अशी मी समजूत करून घेतली आणि टँकरच्या नळीखाली भरलेली घागर टाकीत रिकामी केली. पाणी बरोबर रेघेला लागलं.

सकाळी सहाही कोऱ्या उलट्या पडल्या होत्या. फायटर पाण्याच्या वरच्या कडेला चिकटून हवा घेत होता. मी त्या सहाही वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या लिंबाखाली पुरल्या.

दुपारी अप्पा आले ते काळा चष्मा लावून, पिशवी खाली न ठेवता थेट टाकीसमोर. पाणी रेघेला आहे हे बघून त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ काचेजवळ तोंड नेऊन उभे राहिले.

"दत्ता, कोऱ्या दिसंनात रे."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "झाडाखाली असतील, अप्पा. तुमचा डोळा अजून बसायचाय."

त्यांनी ते ताबडतोब मान्य केलं. डॉक्टरनं त्यांना सांगितलेलंच होतं की नजर स्थिर व्हायला काही दिवस जातील. ते माझ्याकडे वळून समजुतीनं हसले, जणू उतावीळपणाबद्दल माफी मागत होते.

त्यांना वाकायची मनाई होती, म्हणून टाकीची कामं माझ्याकडेच राहिली. तळाशी जाणाऱ्या गोळ्या मीच टाकायचो आणि न खाल्लेल्या गोळ्या नळीनं मीच काढून घ्यायचो, ते अंघोळीला गेले की. संध्याकाळी ते एक डोळा हातानं झाकत, मग दुसरा. खिडकी उघडून बघत, लावून बघत. म्हणत, "ह्या फायटरच्या शेपटाची रेघन् रेघ दिसून राहिली मला. मग कोऱ्याच कामून दिसंनात?" मी म्हणे, त्यांचा रंग वाळूसारखा आहे. एकदा ते हर्षानं ओरडले, दिसली, एक दिसली म्हणून. दगडाची सावली होती. मी "हो, तिथंच आहे" म्हणालो. त्या रात्री मी नीट जेवलो नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि पुन्हा तेच केलं. असे अकरा दिवस गेले. शेवटी शेवटी ते टाकीसमोर यायचे टाळायला लागले. वर्तमानपत्र वाचताना मला मधेच विचारत, हे अक्षर 'घ'च आहे ना. ज्या माणसानं अख्ख्या जिल्ह्याची हद्द केसभरही न हलता गिरवली, तो मला 'घ' विचारत होता.

बाराव्या दिवशी, भर उन्हात, ते एकटे बसनं पुन्हा नांदेडला गेले. डोळ्यात काहीतरी दोष राहिलाय, असं डॉक्टरला सांगायला.

तिसऱ्या दिवशी परतले. कॉलनीच्या तोंडाशी शेटेमामांनी त्यांना थांबवलं, हे मला नंतर मामांनीच सांगितलं. कूलरचं सगळं विसरून मामा आपुलकीनं म्हणाले होते, "अप्पा, तुमच्या घरची घागर पोचली बरं का. दत्तानं आठवणीनं आणून दिली." अप्पांनी नमस्कार केला आणि तिथून ते आपल्या घरी न जाता माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत ते माझ्या घरी सणावारालासुद्धा कधी आले नव्हते. मी खुर्ची पुढे केली. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"डॉक्टर म्हणले, डोळ्यात काही दोष न्हाई. शेवटची बारीक ओळ वाचून घेतली त्येनी माझ्याकडून."

मी पुढे केलेली खुर्ची मागे ओढली.

"घागर कशातली दिलीस?"

"टाकीतली."

"आन् रांजण?"

"आईला बरं नव्हतं, अप्पा."

"कशी हाय आता आई?"

"बरी आहे."

त्यांनी मान हलवली. "मग टाकी कशानं भरलीस?"

मी सांगितलं. कोऱ्या केव्हा मेल्या, कुठं पुरल्या, सगळं सांगितलं. देवाला माशांचं पाणी घातलं याचीही माफी मागितली.

"म्हादेवाचं सोड," ते म्हणाले. "त्यानं इख पेलंय. माशाचं पाणी त्येला काय करतंय." क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्यांनी काळा चष्मा काढला. डोळा स्वच्छ होता, थोडा लालसर. "मासे मेले म्हणला असतास तर मी एक दिवस रडलो असतो, दत्ता. तू मला अकरा दिवस डोळे चोळाया लावलास. आता मला काय दिसलं तर ते हाय का न्हाई, हे मी कुणाला इचारू?"

त्यांनी हात पुढे केला. मला आधी कळलं नाही. मग मी खिळ्यावरची चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

त्या वर्षी पाऊस झाला. भरपूर झाला. देवळात आरती झाली, एकही घर सुटलं नाही म्हणून महादेवानं ऐकलं, असं मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी मागं उभा होतो. श्रावणात पुतण्या येऊन अप्पांना नांदेडला घेऊन गेला. फायटर बरोबर नेला असं शेजारचे म्हणाले. मी कचेरीत होतो. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवलं असतं तरी मी दाराबाहेर आलो असतो की नाही, सांगता येत नाही.

तीन वर्षांनी मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी नांदेडला जावं लागलं. काम दुपारीच संपलं. पत्ता माझ्याजवळ होता, तो मी कुणाकडून तरी आधीच मिळवून ठेवला होता. पुतण्या शाळेत गेलेला, दार त्याच्या बायकोनं उघडलं. सविता तिचं नाव. मी लातूरचा, अप्पांच्या कचेरीतला, म्हटल्यावर तिनं आत बसवलं.

अप्पा वाळले होते. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं, चष्मा नव्हता. मला बघून त्यांनी ओळखायला वेळ लावला नाही. "ये दत्ता," म्हणाले. आईची चौकशी केली. ती गेल्याचं मी सांगितलं. कचेरीतल्या कुणाकुणाचं विचारलं. एका शब्दानंही मागचं काढलं नाही. भिंतीशी टाकी होती, पहिल्याहून मोठी. वरच्या पाण्यात तांबडा फायटर, नवा. तळाशी कोऱ्या वाळू हुंगत होत्या. चहा आला. मी कप उचलला तसे ते म्हणाले, "जरा मोज बरं. कोऱ्या किती हायत?"

मी कप खाली ठेवला. टाकीसमोर वाकलो. पाच पटकन दिसल्या. सहावी काही केल्या दिसेना. मी हललो नाही. बऱ्याच वेळानं एका दगडामागून मिशा बाहेर आल्या, मग ती सगळी आली. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सहा आहेत, अप्पा."

ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. कचेरीत नव्या माणसाकडे बघायचे तसं. मग त्यांनी आत हाक मारली, "सविता, जरा येऊन मोज बरं."

ती पदराला हात पुसत आली, वाकली, बोटानं मोजलं. म्हणाली, "सहा हायत की."

"हाव," अप्पा म्हणाले, आणि मग कुठं त्यांनी आपला कप उचलला.

निघताना ती दारापर्यंत आली. तिला विचारू नये असं वाटत होतं, तरी मी विचारलं, येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा मोजायला लावतात का.

"हाव, सगळ्यांनाच," ती हसून म्हणाली. "दूधवाल्याला बी सोडत न्हाईत. डोळ्याचा भरवसा न्हाई म्हणतेत."

"आणि मग तुम्हालाही बोलावतात?"

"न्हाई," ती म्हणाली. "पाहुण्यानं मोजलं की झालं. आज कामून बोलवलं, काय म्हाईत."

तिच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. अप्पा टाकीपुढं वाकून उभे होते आणि त्यांचं बोट काचेवरून हळूहळू सरकत होतं.